दुखण्यावरची सुई

दादा गेल्याची बातमी आली तेव्हा शाळेत नववीची परीक्षा चालू होती आणि मी सुपरव्हिजनवर होते. मुख्याध्यापिकाबाई स्वतः वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. एरवी त्या शिपायाला पाठवतात. आत येऊन त्यांनी माझ्या हातातल्या पुरवण्या घेतल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाई, तुमच्या वहिनींचा फोन होता. तुम्ही निघा, इथलं मी बघते." मुलं माना खाली घालून लिहीत होती. मी पर्स उचलली, चपला ओढल्या आणि नाशिक रोडहून गंगापूर रोडला जाणारी रिक्षा धरली. रस्ताभर रिक्षावाला उड्डाणपुलाच्या कामाबद्दल आणि वाहतुकीबद्दल तक्रार करत होता आणि मी त्याला हो-हो म्हणत होते. रडू आलं नाही. आला तो थकवा. गेलं वर्षभर आम्ही सगळेच दादाबरोबर दवाखान्याच्या त्या लांबलचक व्हरांड्यात बसून होतो, आणि आता तिथून उठायचं आहे एवढंच मला कळत होतं... उठून कुठे जायचं, हे कळत नव्हतं.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ अरविंद. गुरांचा डॉक्टर. सरकारी नोकरीतली त्याची बहुतेक वर्षं नाशिकच्या पश्चिमेला, पेठ-हरसूलच्या डोंगरपट्ट्यात गेली. बदलीची संधी आली की लोक शहराकडे धावतात, हा उलटा तिकडेच राहायचा अर्ज करायचा. सुनंदावहिनी मुलीच्या शाळेसाठी गंगापूर रोडच्या घरात राहिली आणि दादा शनिवारी संध्याकाळी धुळीने माखलेल्या मोटरसायकलवरून घरी यायचा. त्याच्या कपड्यांना गुरांचा, शेणाचा आणि स्पिरिटचा असा मिळून एक वास असायचा. वहिनी ते कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची आणि त्याला आधी अंघोळीला पिटाळायची. तिला ते आयुष्य कधी आवडलं नाही. पण तिने त्याला कधी अडवलंही नाही.

आमचं लहानपण सटाण्यात गेलं. वडील पोस्टात होते. गावाबाहेर आरम नदीच्या काठाला मेलेली जनावरं टाकायची एक जागा होती आणि तिथे गिधाडं उतरायची. बाकीची मुलं नाक दाबून पळायची, दादा मात्र लांबच्या बांधावर बसून बघत राहायचा. मला त्याने एकदा नेलं होतं. एका म्हशीभोवती इतकी गिधाडं जमली होती की म्हैस दिसतच नव्हती. पंख पसरून एकमेकांवर धावून जाणं, तो फुत्कारल्यासारखा आवाज... मला भीती वाटली. पण पोट भरल्यावर ती गिधाडं चालत चालत नदीवर गेली आणि पाण्यात उतरून अंघोळ करायला लागली. पंख पाण्यात आपटायची, मान बुडवायची, मग काठावरच्या वाळूत पंख उघडून उन्हाला बसायची. "बघ, जेवून हात धुतायत," दादा म्हणाला. आई मागून शोधत आली आणि तिने अहिराणीत फैलावर घेतलं, "काय शे तठे देखाले? घर चाल!" त्या दिवशी आम्हा दोघांनाही अंगणातच अंघोळ घातली गेली. पुढे मी विज्ञानाची शिक्षिका झाले, तो गुरांचा डॉक्टर झाला. त्या दुपारी हे ठरलं असं मी म्हणणार नाही. पण म्हैस संध्याकाळी पुन्हा पाहिली तेव्हा तिथे फक्त हाडं होती, हे मात्र मला आजही लख्ख आठवतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दादा पेठच्या बाजूच्या एका लहानशा दवाखान्यात रुजू झाला. त्या भागात भात आणि नागली. डोंगरउतारावरची छोटी छोटी शेतं, आणि बैल हेच सगळं बळ. पावसात भाताची लावणी चालू असताना बैल लंगडला की त्या घराचं वर्ष बसलंच. तोपर्यंत दादाच्या हातात दुखण्यावर द्यायला फारसं काही नव्हतं. शेक द्यायचा, बांधून ठेवायचं, वाट बघायची. मग ते नवं औषध आलं, डायक्लोफेनॅक. सुई दिली की थोड्या वेळात जनावर उठून उभं राहायचं. पहिल्या वर्षी तो घरी येऊन त्याबद्दल इतका बोलायचा की वहिनी हसायची. कासेला सूज आलेली गाय वासराला जवळ घ्यायला लागली, पाय टेकवत नव्हता तो बैल चालत गोठ्यात गेला... अशा गोष्टी. पाड्यांवर लोक त्या औषधाला दुखण्यावरची सुई म्हणायला लागले. दादाला लांबून येताना पाहिलं की बायका गुरं चरायला सोडायचं थांबवायच्या, "डॉक्टर येतोय, सुई देऊन घेऊ."

त्या पाड्यांपैकी एका पाड्यावर लहानू भोये राहायचा. कोकणा आदिवासी शेतकरी, दादापेक्षा वयाने थोडा मोठा, बोलायला मोकळा. त्याचं घर पाड्याच्या अगदी कडेला, आणि घरामागे मोठा काळा कडा. त्या कड्यावर गिधाडांची घरटी होती. कपारींखालचा खडक विष्ठेने पांढरा झालेला, लांबूनही दिसायचा. सुट्टीत मी कधीकधी दादाबरोबर जायचे. लहानूच्या अंगणात बसून नागलीची भाकरी खायची आणि वर बघायचं. दुपारच्या उन्हात खालची हवा तापून वर चढायला लागली की एकेक गिधाड पंख पसरून कड्यावरून सुटायचं आणि एकदाही पंख न हलवता वर वर जायचं. मी वर्गात मुलांना अन्नसाखळी शिकवताना फळ्यावर गवत, हरिण, वाघ असे बाण काढायचे. दादा म्हणायचा, "तुझी साखळी वाघापाशी थांबते, शालू. वाघ मेल्यावर काय होतं ते शिकवत जा." पुस्तकात गिधाडाला एकच ओळ होती. तीही कंसात.

मग गिधाडं कमी व्हायला लागली. आधी कुणाच्या लक्षातही आलं नाही. असलेली वस्तू दिसते, नसलेली दिसायला वेळ लागतो. पाड्याबाहेर टाकलेलं जनावर पूर्वी दिवस मावळायच्या आत साफ व्हायचं, ते आता तसंच पडून राहू लागलं. वास यायचा. कुत्री जमायला लागली, आधी गावातली, मग कुठून कुठून आलेली. आयतं मांस मिळाल्यावर त्यांची पिलंही जगायला लागली. टोळ्या झाल्या. त्या वासरांच्या मागे लागायच्या. पाण्याला निघालेल्या एका बाईचा पाय कुत्र्याने फोडला आणि तिला इंजेक्शनांसाठी नाशिकला आणावं लागलं. दादा गुरं सोडून कुत्र्यांना रेबीजच्या लसी टोचत फिरायला लागला. "एक पक्षी उठून गेला," तो म्हणाला होता, "आणि बघ, त्याच्या जागेवर कोण येऊन बसलं."

लहानूने त्याला एकदा विचारलं, "डॉक्टर, गिधाडा कुठं गेली? कोण म्हनतं इमानात घालून परदेशात नेली."

"कोण नेईल रे? कशाला नेईल?"

"मंग गेली कुठं?"

दिवाळीची सुट्टी होती, मीही बरोबर होते. कड्याखालच्या एका झाडावर एक गिधाड बसलेलं लहानूने आम्हाला दाखवलं. त्याची मान खाली लोंबत होती. मध्येच झटका बसल्यासारखी ती वर यायची, आणि पुन्हा हळूहळू खाली... पेंगणाऱ्या म्हाताऱ्या माणसासारखी. "लय दिस झाले, असंच बसलंय," लहानू म्हणाला. दुसऱ्या दिवशी ते झाडाखाली पडलेलं होतं. दादाने गोणपाट अंथरलं, हातमोजे घातले आणि ते उघडलं. मी शिक्षिका आहे, बेडूक कापून दाखवलेले आहेत, पण ते पाहून मी मागे सरले. हृदय, यकृत, सगळ्यावर पांढरा थर होता. कुणी आतून चुन्याचा हात फिरवावा तसा. दादाने त्या थरावरून बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाला, "कोंबड्यांमध्ये पाहिलंय मी हे. मूत्रपिंडं बंद पडली की होतं. पण ह्याची का बंद पडली?" त्याने बाटलीत नमुने भरले, तपासणीला पाठवले. त्यातून काही निष्पन्न झालं नाही. कुणी म्हणालं साथीचा रोग असेल, कुणी म्हणालं पिकांवरची फवारणी. दादा पुढच्या पाड्यावर गेला. तिथे एक गाय अडली होती. तिला सोडवून त्याने दुखण्यावरची सुई दिली आणि आम्ही परत आलो.

उत्तर मिळायला पुढची काही वर्षं गेली. तोपर्यंत तो कडा जवळजवळ ओस पडला होता. पांढरे डाग पावसाने धुऊन निघत चालले होते. एका संध्याकाळी दादा न कळवता माझ्या नाशिक रोडच्या घरी आला. कसल्याशा खात्याच्या प्रशिक्षणाहून तो थेट आला होता, कागदांची पिशवी तशीच खांद्याला. मी चहा ठेवला, त्याने तो घेतला नाही. कपावर साय धरली तरी तो समोरच्या भिंतीकडे बघत होता. मग त्याने सांगितलं. गिधाडं कशाने मरतायत ते सापडलं होतं. सुई दिलेलं जनावर दोन-चार दिवसांत मेलं, तर औषध त्याच्या अंगात राहतं. गाईला, बैलाला, माणसाला ते चालतं. गिधाडाला चालत नाही. एवढासा अंशही त्याच्या मूत्रपिंडाला बास होतो. आणि गिधाडं एकटी जेवत नाहीत. एका जनावरावर सगळा कडा उतरतो.

"कुजलेलं खाऊन ज्याला काही होत नाही," तो म्हणाला, "त्याला मी दिलेल्या औषधाने..."

"तू एकटा का? सगळ्या देशात देत होते."

"त्या कड्याखाली मीच देत होतो, शालू. त्या पट्ट्यात दुसरा डॉक्टर कुठे होता?"

"तुला माहीत होतं का?"

"नव्हतं माहीत. हेही खरं. आणि दिल्या, हेही खरंच."

मी त्याला म्हटलं, तू त्या मुक्या जनावरांचं दुखणं थांबवत होतास. तो म्हणाला, हो, तेच. दुखणंच थांबवत होतो. मग उठला आणि गार झालेला चहा उभ्याउभ्या पिऊन निघून गेला. नंतर कित्येक दिवस मी वर्गात अन्नसाखळीचा धडा काढला की बाण काढायला हात उचलायचे आणि थांबायचे. फळ्यावरच्या बाणातून फक्त अन्न जातं असं आपण मुलांना सांगतो. अन्नाबरोबर जे जे असतं ते सगळंच त्या बाणातून पुढे जातं, हे मी तोवर नुसतं वाचलेलं होतं. पण माझ्या घरात माझ्या समोर बसलेल्या माणसाच्या हातून ते गेलं होतं.

पुढे ते औषध गुरांसाठी बंद झालं. त्याऐवजी दुसरं आलं, गिधाडांना न मारणारं. पण कळणं आणि बदलणं ह्यांच्या मध्ये एक उन्हाळा गेला आणि त्या उन्हाळ्यातली एक गोष्ट मी विसरू शकत नाही. नवं औषध दादाच्या दवाखान्यापर्यंत अजून पोचलं नव्हतं. जुन्याच्या बाटल्या कपाटात होत्या. त्याने त्या वापरायचं थांबवलं होतं आणि लोकांना तसं सांगितलंही होतं. लोकांना ते पटलं नव्हतं. आधी ज्याने गुण दाखवला तोच आता नको म्हणतो, म्हणजे ह्याच्यात काहीतरी काळंबेरं आहे, असं बोललं जात होतं. मे महिन्याची सुट्टी होती, मी तिथे होते. लहानूचा एक बैल कड्याच्या अंगाला चरताना घसरून खाली आला आणि त्याचं कमरेचं हाड मोडलं. आम्ही पोचलो तेव्हा तो एका कुशीवर पडला होता. बैल ओरडत नाहीत. तो नुसता श्वास सोडत होता, आणि प्रत्येक श्वासाबरोबर खालची माती उडत होती. डोळे उघडे. लहानू त्याच्या मानेपाशी बसला होता.

"वाचायचा नाही हा," दादाने तपासून सांगितलं.

"ते मला बी दिसतंय," लहानू म्हणाला. "पन बघवत नाय, डॉक्टर. सुई हाय ना पिशवीत? द्या ना."

लहानूची बायको पाणी घेऊन आली होती, ती म्हणाली, "पाखरासाठी बैलाला तळमळत ठेवनार का? तेंच्यापेक्षा हा कमी हाय का?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. दादाने बैलाकडे पाहिलं, वर कड्याकडे पाहिलं. तिथे त्या वेळी एकच जोडी उरली होती. मग त्याने पिशवी उघडली. सुई भरताना म्हणाला, "देतो. पण हा मेला की टाकायचा नाही. पुरायचा."

"हितं? खडकात?"

"खडकात. मी येतो खणायला."

बैल दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. मेलेलं जनावर पुरायची त्या पाड्यावर रीतच नव्हती. हसणारे हसले. लहानू, त्याचा भाऊ आणि दादा असे तिघे खणायला लागले. ती जमीन म्हणजे वर वीतभर माती आणि खाली मुरूम. पहार मारली की ठिणगी उडायची. दादाला मधुमेह होता, वय पन्नाशीच्या पुढे. मी दोनदा थांब म्हटलं, त्याने ऐकलं नाही. हसणाऱ्यांपैकी दोघे दुपारनंतर टिकाव घेऊन आले आणि खणायला लागले. संध्याकाळपर्यंत खड्डा झाला. बैल ओढून आत घातला, माती लोटली, आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर मोठमोठे दगड रचले. दादाच्या तळहातांची सालटं निघाली होती. लहानूच्या बायकोने त्यांना तेल लावायला दिलं आणि भाकरी वाढली, पण त्याला भाकरी धरता येईना. येताना तो मोटरसायकल चालवू शकला नाही, आम्ही जीपने आलो. वाटेत सोललेले तळहात फुंकत होता. मग म्हणाला, "तू शिकवतेस ना, निसर्गात काही वाया जात नाही म्हणून? आज एक अख्खा बैल वाया गेला." आणि खिडकीला डोकं टेकून झोपला.

त्यानंतर मी त्याला माझ्या शाळेत बोलावलं. आठवीचा वर्ग. बहुतेक मुलं सरकारी नोकरांची, चाळीतली आणि कॉलनीतली, जिवंत गिधाड कुणीच पाहिलेलं नाही. मुलांनी नाकं मुरडली. एकजण म्हणाला, "सर, गिधाड घाण असतं ना?" दादा म्हणाला, "घाण त्याच्या पोटात जाते आणि तिथे संपते. रोगाने मेलेलं जनावर कुत्र्याने खाल्लं तर रोग कुत्र्याबरोबर गावात येतो. गिधाडाने खाल्लं तर तो तिथेच संपतो. आता सांगा, घाण कोण?" मुलं हसली. मग तो रंगात आला. गिधाडाचं डोकं टकलं का, ते वर्षाला एकच अंडं का घालतं, त्या एका पिलामागे आईबाप दोघंही महिनोन् महिने का राबतात, आणि म्हणूनच एकदा कमी झाली की पुन्हा भरून यायला माणसाचं आयुष्य का जातं, हे त्याने सांगितलं. मग त्या औषधाचं सांगितलं. सांगून झाल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी तोंड न उघडणारी. तिने विचारलं, "पण सर, त्या गाईंना औषध दिलं कोणी?"

मी पटकन मध्ये बोलणार होते. दादाने हाताने मला थांबवलं.

"मी दिलं," तो म्हणाला.

ती मुलगी उभीच होती, तिला बसायचं सुचलं नाही. थोड्या वेळाने तिनेच हळू आवाजात विचारलं, "मग तुम्ही आता काय करता?" दादा म्हणाला, "आता सगळ्यांना सांगत फिरतो. तुम्हालाही सांगितलं." ती मान हलवून खाली बसली. परत जाताना रिक्षा स्टँडपर्यंत मी त्याच्याबरोबर गेले. मला वाटलं त्याला वाईट वाटलं असेल. तो म्हणाला, "बरं झालं तिने विचारलं. इतके दिवस कुणी सरळ विचारतच नव्हतं."

निवृत्त झाल्यावर तो खरंच तेच करत राहिला. गुरांसाठी बंदी आली तरी माणसांसाठीच्या त्याच औषधाच्या बाटल्या दुकानात मिळतच होत्या आणि गुरांना सुया टोचत फिरणारे बिनपदवीचे डॉक्टर त्याच वापरत होते. दादा आठवड्याच्या बाजारात जाऊन बसायचा, दुकानदारांशी बोलायचा, सभांना जायचा, पाड्यापाड्यावर तेच तेच पुन्हा सांगायचा. कुणी ऐकायचं, कुणी चहा पाजून वाटेला लावायचं. वहिनी म्हणायची, "नोकरीत शनिवारी तरी घरी यायचे, आता तोही नेम नाही." त्याची जिद्द वगैरे होती असं मी लिहिणार नाही. मला तो त्या वर्षांत फक्त दमलेला दिसायचा. घरी आला की पायरीवर बसून बूट काढायला त्याला वेळ लागायचा. एखाद्या वर्षी कड्यावर पिलू उडालं म्हणून त्याचा फोन यायचा, त्याच्या पुढच्या वर्षी अंडं फुकट गेल्याचा. "कसं काय चाललंय?" म्हटलं की म्हणायचा, "चाललंय. त्यांच्या वेगाने."

मग त्याचीच मूत्रपिंडं गेली. आमच्या नात्यातल्या लोकांनी ह्याची गोष्ट करून टाकली, अगदी तेराव्याच्या दिवशीसुद्धा कुणीतरी कुजबुजलंच की गिधाडांचा शाप लागला. मला ते ऐकून शिसारी आली. त्याला वर्षानुवर्षं मधुमेह होता, रक्तदाब होता, डॉक्टरांनी आम्हाला तेच कारण सांगितलं आणि दादालाही ते आधीपासून माहीत होतं. शाप देणारे पक्षी त्याला ठाऊक नव्हते, मरणारे ठाऊक होते. डायलिसिसच्या खुर्चीत हाताला नळ्या लावून तो चार-चार तास पडून असायचा. वहिनी आणि मी आळीपाळीने जायचो. एकदा माझी पाळी होती. यंत्राचा आवाज चालू होता, बाहेर दुपार. तो डोळे मिटूनच म्हणाला, "आपल्याला निदान हे यंत्र तरी आहे." मी त्याच्या कपाळावर हात ठेवला. आम्ही दोघं पुन्हा त्या विषयावर बोललो नाही. शेवटी शेवटी तो जेवणाबद्दल बोलायचा, सटाण्याच्या कांद्याची भजी, आईच्या हातची कळण्याची भाकरी. त्याला त्यातलं काहीच चालत नव्हतं.

तो गेल्याला काही आठवडे झाल्यावर वहिनी म्हणाली, "शालू, मी इतक्या वर्षांत तिकडे एकदाही गेले नाही. मला ने." एप्रिलचं ऊन होतं. आम्ही गाडी करून लहानूच्या पाड्यावर गेलो. लहानू आता थकलाय, त्याला नीट ऐकू येत नाही. त्याने वहिनीला पाहिलं आणि खाटेवर बसवलं. मग तो म्हणाला, "डॉक्टर दिवाळीत आला नाय, तवाच मी समजलो." त्याच्या बायकोने आमच्यासाठी चहा टाकला. वहिनी सगळीकडे बघत होती. कडा, अंगण, गोठा. जिथे नवऱ्याचं निम्मं आयुष्य गेलं ती जागा ती पहिल्यांदा बघत होती. "एवढं ऊन असतं इथे," एवढंच म्हणाली.

चहा पिऊन होतोय तोच पाड्याच्या दुसऱ्या टोकाकडून काही लोक एक मेलेली गाय ओढत आणताना दिसले. म्हातारी गाय होती, फासळ्या दिसत होत्या. मेलेली गुरं टाकायच्या माळाकडे जायची वाट लहानूच्या घरावरूनच जाते. लहानूची बायको कपबशा विसळत होती. तिने हात न थांबवता, मान वर करून त्यांना विचारलं, "सुई दिलेली का रं हिला?"

"नाय मावशी. म्हातारी होऊन मेली."

"कुनाकडून बी नाय? बाजारातल्याकडून?"

"नाय, कुनाकडून नाय."

"मंग न्या."

ते पुढे गेले. त्यांनी ह्या चौकशीत वेगळं असं काही मानलं नाही, दाराशी आलेल्याला पाणी विचारावं तसं तिने विचारलं होतं आणि तसंच त्यांनी उत्तर दिलं होतं. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. "हे असं नेहमी विचारतात?" तिने लहानूच्या बायकोला विचारलं. "इचारावंच लागतं," ती म्हणाली, "सुई दिलेली आसली तर पुरायला लागतं ना." आणि कपबशा पालथ्या घालून ती आत गेली.

आम्ही दुपार तिथेच काढली. माळावर आधी कावळे आले, मग दोन कुत्री, त्यांना पोरांनी दगड मारून हाकललं. वहिनी खाटेवरून उठली नाही. डोक्यावर पदर घेऊन, डोळ्यांवर हात धरून ती वर बघत बसली होती. ऊन कलायला लागलं तेव्हा कड्याच्या कपारीतून एक मोठा पक्षी सुटला, मग त्याच्यामागे दुसरा. पंख न हलवता ते आमच्या डोक्यावरून माळाच्या दिशेने गेले आणि गोल फिरत खाली उतरायला लागले. वहिनीने मला विचारलं नाही की हेच का ते. ती उठून अंगणाच्या कडेपर्यंत चालत गेली आणि ते पुरते खाली उतरेपर्यंत तिथे उभी राहिली.